पोतोसी : डोंगर, पारा आणि एक भारी ऑडिट

भारतात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच म्हटलं तरी चालेल, राजस्थानात जावरला थोडीफार निघायची तीही जस्त-शिशाच्या जोडीनं, आणि तरी आपल्याकडे बघा, बारशाला चांदीची वाटी, लग्नात जोडवी-पैंजण, देव्हाऱ्यात समई-निरांजन, दिवाळीला लक्ष्मीचं नाणं, काही विचारू नका. आमच्या इंदूरला सराफ्यात लोक रात्री जातात ते भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला, पण कधीतरी दिवसा जाऊन बघा, एकेका गल्लीत किती किलो चांदी रोज हातातून हातात जाते ते. मग ही सगळी आली कुठून? हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच वर्षं होता आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी ज्या गावाला येऊन थांबलो (म्हणजे पुस्तकांतून आणि मॅपवरून, तिकिटाचे भाव बघितले नाहीत आणि बघणारही नाही) ते आहे दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरच्या वर. नाव पोतोसी.

आता पोतोसीबद्दल नेटवर जे मिळतं ते सगळं एकाच चालीचं असतं. चांदीचा डोंगर सापडला, स्पॅनिश लोकांनी लुटला, लाखो माणसं मेली, संपलं. यातलं काही खोटं नाही, पण मी पडलो ऑडिटवाला माणूस, आयुष्य व्हाउचरं तपासण्यात गेलं, त्यामुळे मला ती डोंगराची गोष्ट वाटतच नाही. डोंगर तर पंचवीस वर्षांत आटला होता हो! पुढची दोन-अडीचशे वर्षं जे चाललं ते पारा, पाणी, हजेरीपट आणि टांकसाळ या चार गोष्टींवर. चारही ठिकाणी सिस्टीम अफाट होती आणि चारही ठिकाणी भोकं होती.

सुरुवात मात्र डोंगरापासूनच करावी लागेल. सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर, लालसर, एकदम शंकूसारखा, उंची ४,८०० मीटरच्या आसपास. गोष्ट अशी सांगतात की १५४५ साली दिएगो उआल्पा नावाचा तिथलाच एक माणूस डोंगरावर गेला होता, लामा हरवले होते म्हणतात, रात्र पडली, थंडीसाठी शेकोटी पेटवली आणि सकाळी बघतो तर विस्तवाखाली चांदी वितळून वाहिलेली. शेकोटीत खनिजातून चांदी अशी ओघळत नाही हे कोणताही सोनार सांगेल, पण गोष्ट छान आहे म्हणून टिकली. उआल्पा मात्र खरा होता आणि साल १५४५ हेही पक्कं आहे. बघता बघता तिथं गाव उठलं, आखणी वगैरे काही नाही, ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं झोपडं टाकलं. पुढे त्याला 'विया इम्पेरिअल' म्हणजे शाही नगरी असा किताब मिळाला आणि १५६१ पासून स्वतःचा स्वतंत्र कारभार.

पहिल्या पंचवीस वर्षांतली गंमत ही की चांदी गाळायचं काम स्पॅनिश लोकांना जमतच नव्हतं. त्यांचे भाते त्या खनिजाला चालेनात. चालल्या त्या स्थानिक लोकांच्या गुआयरा, म्हणजे मातीच्या, सगळीकडून भोकं ठेवलेल्या उंच भट्ट्या, त्या डोंगराच्या उतारावर वाऱ्याच्या तोंडाला ठेवायच्या आणि वारा फुकतो तेवढ्यावर खनिज गळायचं. रात्री सगळा उतार पेटलेला दिसायचा असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. म्हणजे खाण नावावर साहेबाची पण गाळण्याची विद्या मजुराच्या हातात, त्यामुळे त्या काळात हिस्साही त्याला बरा मिळायचा. हे पुढे सगळं उलटलं.

१५७० च्या सुमारास वरवरचं चांगलं खनिज संपत आलं. खाली जे होतं त्यात चांदी कमी आणि ते गुआयरामध्ये गळेना. गावाला उतरती कळा लागली. आणि मग आला फ्रान्सिस्को दे तोलेदो, पेरूचा व्हाइसरॉय, १५७२ च्या शेवटी पोतोसीत दाखल. हा माणूस मला आवडत नाही, आवडण्यासारखं त्यात काही नाही, याच माणसानं शेवटच्या इन्काला, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीपासूनच्या तिथल्या राजाला, तुपाक अमारूला, कुस्कोच्या चौकात मारलं त्याच वर्षी. पण असला कारभारी मी वाचला नाही कुठं. त्यानं तीन कामं एकाच वेळी केली.

पहिलं पारा. खनिज दळून त्यात पारा घातला की पारा चांदीला धरतो, मग ते मिश्रण कापडातून पिळायचं, तापवायचं, पारा उडून जातो, चांदी मागे राहते. ही रीत मेक्सिकोत १५५० च्या दशकात सुरू झाली होती. ज्यांनी सराफ्यात न्यारिये बघितलेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. (महाराष्ट्रातल्या मंडळींनो, तुमचे झारेकरी.) पहाटे दुकानं उघडायच्या आधी सोनारांच्या दारासमोरची धूळ झाडून, गटारातला गाळ उपसून नेणारे, तो घमेल्यात धुवून धुवून हलकं वाहून जाऊ देणारे, तळाशी जे जड काळं राहतं त्यात पाऱ्याचा थेंब सोडून बोटानं घोळवणारे, आणि मग ती करड्या रंगाची गोळी फडक्यात घालून पिळणारे. पिळली की फडक्यातून पाऱ्याचे मणी टपटप खाली वाटीत आणि आत हाताला लागते कुरकुरीत गाठ. लहानपणी हे बघत उभं राहायला मजा वाटायची, त्या वाफेत उभं राहू नये हे कोणी सांगितलं नाही. पोतोसीत हेच काम, फक्त न्यारियाच्या घमेल्याऐवजी दगडी हौद, आणि बोटाऐवजी गुडघाभर चिखलात पाय घालून तुडवणारी माणसं. खनिजाचं पीठ, मीठ, पारा, सगळं एकत्र, दिवसेंदिवस. कडाक्याच्या थंडीत नीट होईना म्हणून हौदाखाली जाळ. पिळून जो गोळा व्हायचा तो अननसाच्या आकाराच्या साच्यात घालून तापवायचा, त्याला नावच 'पिन्या', अननस.

पारा आणायचा कुठून? पेरूतल्या उआंकावेलिकाहून, तिथं १५६० च्या दशकात पाऱ्याची खाण सापडली होती. तोलेदोनं ती सरकारच्या ताब्यात घेतली. या दोन डोंगरांचं आपण लग्न लावतोय, जगातलं सगळ्यात मोठं लग्न, असं तो म्हणाला म्हणतात. आणि आता जरा हिशोब बघा, पारा फक्त सरकारकडून मिळणार, अमुक इतक्या पाऱ्यात साधारण किती चांदी निघते हे माहीत, म्हणजे कोणी किती पारा उचलला यावरून त्यानं किती चांदी काढली असेल याचा अंदाज बसल्या जागी, आणि मग राजाचा पाचवा हिस्सा, 'किंतो', त्यानं भरला का नाही ते ताडून बघता येतं. इनपुटवरून आउटपुट पकडायची ही आयडिया आपल्या जीएसटीवाल्यांच्या साडेचारशे वर्षं आधीची. मी हे वाचलं तेव्हा अक्षरशः उठून बायकोला सांगायला गेलो, ती म्हणाली तुम्हाला सगळीकडे ऑडिटच दिसतं, आणि परत मटार सोलायला लागली.

दुसरं काम पाण्याचं. खनिज दळायला गिरण्या पाहिजेत, गिरण्या चालवायला पाणी पाहिजे, आणि तिथं पाऊस वर्षातले तीन-चार महिनेच. तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला कारी कारीच्या डोंगरांत बांध घालून तलाव केले, पुढच्या पन्नास वर्षांत ते तीसच्या आसपास झाले, एकातलं पाणी दुसऱ्यात सोडत सोडत शेवटी गावाच्या मधून जाणाऱ्या दगडी कालव्यात. त्या कालव्याच्या काठानं शंभरावर गिरण्या. पाण्याच्या चाकावर लाकडी लाट फिरते आणि लोखंडी तोंडाची मुसळं एकामागून एक उचलून दगडावर आपटते, रात्रंदिवस. गावाचे यामुळे दोन भाग पडले, कालव्याच्या एका बाजूला चौक, सरळ रस्ते, साहेब लोक, दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याकडे, मजुरांच्या वस्त्या.

तिसरं काम मजुरांचं, आणि इथं विनोद संपतो. इन्का काळापासून तिथं मिता नावाची पद्धत होती, पाळीपाळीनं राज्यासाठी श्रम द्यायचे. तोलेदोनं ती उचलली आणि तिचं वेठबिगारीत रूपांतर केलं. १६ प्रांत ठरवले, प्रत्येक प्रांतानं आपल्या जाणत्या पुरुषांतले सुमारे सातातला एक दरवर्षी पाठवायचा, एकूण आकडा साडेतेरा हजारांच्या घरात. एक आठवडा काम, दोन आठवडे सुटी असं कागदावर, म्हणजे एका वेळी साधारण साडेचार हजार माणसं कामावर. सुटीचे ते दोन आठवडे पोट कशावर भरायचं हे कागदावर नव्हतं, त्यामुळे माणूस सुटीतही मजुरीच करायचा. तितिकाका तलावाकाठच्या चुकुइतो प्रांतातून २,२०० माणसं निघायची, बायकापोरं धरून सात हजारांवर, सोबत लामांचे कळप, वाळवलेले बटाटे, आणि दोन महिने चालत पोतोसी. त्यातले परत किती जायचे हे वेगळं.

खाणीच्या आत काय होतं ते एका जेझुइट पाद्र्यानं स्वतः उतरून बघून १५९० मध्ये छापलंय. कातड्याच्या पिळाचे दोर आणि त्यात लाकडाच्या पायऱ्या अशा शिड्या, एकीकडून चढायचं दुसरीकडून उतरायचं, मधे मधे दम खायला फळ्या. घोंगडीत खनिज बांधून तिची गाठ छातीवर, वजन पाठीवर, पंचवीसेक किलो, तिघं तिघं मिळून चढणार आणि पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, कारण दोन्ही हात शिडीला पाहिजेत. वर डोंगरमाथ्यावर बर्फाळ वारा आणि खाली घाम. न्यूमोनियानं मरणारे किती, दगड पडून किती, पाऱ्यानं आणि दगडाच्या धुळीनं हळूहळू किती, याचा नीट हिशोब कोणी ठेवला नाही. नेटवर ८० लाख मेले असा एक आकडा फिरत असतो. त्याला कागदपत्रांचा आधार नाही, बरेच इतिहासकार तो मानत नाहीत, गावं ओस पडली ती मेल्यामुळे जितकी तितकीच लोक मिता चुकवायला पळून दुसऱ्या प्रांतात गेल्यामुळेही. पण आकडा कमी केला म्हणून गोष्ट सौम्य होते असं नाही. २,२०० माणसं मागितली आणि गावातले पुरुष निम्मे झाले तरी मागणी २,२०० च, हे एकच कलम पुरेसं आहे.

आणि आता हजेरीपटातलं भोक. माणसं पुरी पडली नाहीत की गावच्या मुखियानं, कुराकानं, प्रत्येक गैरहजर माणसाबद्दल रोख रक्कम भरायची, म्हणजे खाणमालकानं त्या पैशात बाजारातून मजूर लावावा. खाणमालकांच्या लवकरच लक्षात आलं की मजूर लावूच नये, रक्कमच ठेवून घ्यावी, आटलेल्या खाणीत चांदी शोधण्यापेक्षा हे बरं. अशा मजुरांना नाव पडलं 'खिशातले इंडियन', इंदिओस दे फाल्त्रिकेरा (इंडियन म्हणजे आपण नव्हे, तिथले मूळ रहिवासी). खाण बंद, गिरणी बंद, पण मालकाच्या नावावर सरकारनं मंजूर केलेले मजूर आहेत आणि त्या मजुरांच्या नावानं दर आठवड्याला पैसा येतोय. मी मस्टरवर मेलेली माणसं हजर असलेली बघितली आहेत (कुठं ते सांगत नाही), पण हा प्रकार त्याच्याही वरचा, इथं माणूस न येणं हाच धंदा.

बरं, सगळेच मजूर वेठीचे होते असंही नाही. १६०० पर्यंत निम्म्याहून जास्त काम मिंगा म्हणजे मोकळे रोजंदार करत होते. मिताच्या माणसाला खाणीत दिवसाला साडेतीन रेआल (स्पॅनिश चांदीचं नाणं), मिंगाला त्याच्या दुपटीच्या आसपास, शिवाय काही ढेकळं घरी न्यायची मुभा, कधी ठरवून कधी गुपचूप. ती ढेकळं विकायला बसायच्या बायका. पोतोसीच्या बाजारात खनिजाची ढेकळं, कोका, मक्याची दारू, मेणबत्त्या, सगळं विकायला मुख्यतः तिथल्या बायकाच, आणि त्यातल्या काहींनी घरं घेतली, उधारी दिली, मृत्युपत्रं केली, ती मृत्युपत्रं आज अर्काइव्हमध्ये आहेत म्हणून आपल्याला कळतंय. अठराव्या शतकात तर शनिवार-रविवारची एक मंडळीच उभी राहिली, काहचा म्हणायचे त्यांना. शनिवारी संध्याकाळी अधिकृत काम थांबलं की हे खाणीत शिरणार, रविवारभर स्वतःसाठी खणणार, सोमवारी खाण मालकाची. मालक ओरडायचे चोर चोर, हे म्हणायचे रिवाज आहे. त्यांच्या स्वतःच्या छोट्या घाण्या होत्या, आणि तो माल शेवटी सरकारी पेढीही विकत घ्यायची. माझं मत विचाराल तर पोतोसीतली सगळ्यात हुशार माणसं हीच.

श्रीमंतीबद्दल थोडक्यात सांगतो कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. १५९२ च्या सुमारास उत्पादन शिखरावर, नोंदलेली चांदी वर्षाला २०० टनांच्या आसपास. १६११ च्या सुमारास लोकसंख्या १,६०,००० सांगतात, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या मोठमोठ्या शहरांच्या पंगतीत, आणि तेही अशा ठिकाणी जिथं धड गवत उगवत नाही. धान्य, दारू, खेचरं, लाकूड, सगळं बाहेरून. चिनी रेशीम दुकानात, जुगाराचे अड्डे, नाचाचे क्लास, सण-समारंभांवर उधळपट्टी, जुने बखरकार तर आकडे असे फेकतात की आपल्या पेशवाईच्या बखरी मवाळ वाटाव्यात. १६२२ ते १६२५ बास्क लोक (उत्तर स्पेनमधले) एकीकडे आणि बाकीचे स्पॅनिश दुसरीकडे, रस्त्यावर मुडदे पाडेपर्यंत मारामाऱ्या, कारण तेच, खाणी-गिरण्या आणि नगरपालिका एकाच गटाच्या हातात. आणि ते जरा शमतंय तोवर १५ मार्च १६२६ ला वरच्या तलावांपैकी सान इल्देफोन्सोचा बांध फुटला. पाणी थेट गिरण्यांच्या कालव्यातून गावात, काही तासांत बहुतेक गिरण्या साफ, माणसं किती गेली यावर आजही एकमत नाही. पाद्री म्हणाले देवाचा कोप.

आता माझा आवडता भाग. टांकसाळ. तोलेदोच्याच काळात सुरू झाली आणि इथं पडायचे ते आठ रेआलचे नाणे, वजन साधारण २७ ग्रॅम, वेडंवाकडं, छिन्नीनं तोडलेलं, पण चांदी पक्की, शेकडा ९३ टक्के. त्या काळचं जगाचं चलन म्हणा. प्रत्येक नाण्यावर टांकसाळीचं चिन्ह आणि कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचं अक्षर. म्हणजे नाणं जगात कुठंही सापडो, जबाबदार माणूस कोण ते नाण्यावरच लिहिलेलं. आणि तरी १६४० च्या दशकात हे लोक नाण्यात तांबं वाढवत गेले. पद्धत सोपी होती. चांदीचे व्यापारी गिरणीवाल्यांकडून चांदी घेणार, टांकसाळीत आणणार, तिथं कस तपासणारा सामील, नाणं पडलं पूर्ण वजनाचं पण आत चांदी कमी, फरक वाटून घ्यायचा. गावात कोणाला कळलं नाही असं नाही, सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांचीच सोय होती. कळलं ते समुद्रापलीकडे, युरोपातल्या बाजारांत सावकारांनी नाणी वितळवून बघितली आणि पोतोसीचं नाणं नको म्हणायला लागले. एकाच वेळी स्पेनचा राजा तीन ठिकाणी युद्ध लढतोय आणि त्याच्या सैन्याचा पगार या नाण्यात!

चौथ्या फिलिपनं मग फ्रान्सिस्को दे नेस्तारेस मारीन नावाच्या माणसाला पाठवलं, धर्मगुरू होता, १६४८ च्या शेवटी पोतोसीत पोचला. असा इन्स्पेक्शनवाला आला की गाव कसं वागतं ते मला वेगळं सांगायला नको, आधी हारतुरे, मग जेवणं, मग निरोप. सगळ्यात मोठा मासा फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा, चांदीचा व्यापारी, गावातला मानकरी. त्यानं दंड भरतो म्हटलं, मोठी रक्कम देऊ केली, आणि नंतर नेस्तारेसवर विषप्रयोगाचा कट केल्याचा आरोप त्याच्यावर आला. १६५० च्या सुरुवातीला रोचाला गळा आवळून मारलं, टांकसाळीचा कसतपासनीस रामिरेझ दे आरेयानो यालाही मृत्युदंड. बाजारातल्या खराब नाण्यांची किंमत सरकारनं उतरवली, काही नाण्यांवर मुकुटाचा छोटा ठसा मारून नवी किंमत ठरवली, आणि १६५२ पासून नाण्याचं डिझाइनच बदललं, दोन खांब आणि खाली समुद्राच्या लाटा, म्हणजे लांबून बघून कळावं की हे नवं, हे चांगलं. ज्यांच्या घरात जुनी नाणी होती त्यांचं एका रात्रीत काय झालं असेल ते २०१६ चा नोव्हेंबर बघितलेल्या माणसाला विचारा. रोचानं पुरून ठेवलेली चांदी अजून कुठंतरी आहे असं पोतोसीत म्हणतात, अशी गोष्ट नसलेलं गाव मला अजून भेटायचंय.

मग ती चांदी जायची कुठं? लामा आणि खेचरांवर लादून खाली अरिका बंदर, तिथून जहाजानं लिमाचं कायाओ, पुढे पनामा, परत खेचरं, पोर्तोबेलो, हवाना, सेव्हिल. बराच माल चोरवाटेनं ब्युनोस आयर्सकडूनही, तिकडच्या नदीचं नावच चांदीची नदी. आणि स्पेनमध्ये ती टिकली का? दुसरा फिलिप १५५७, १५७५, १५९६ असा पुन्हा पुन्हा देणी थकवून बसला, जगातला सगळ्यात मोठा चांदीचा मालक आणि जिनोआच्या सावकारांपुढे उभा. चांदी पुढे सरकली, काही मनिलामार्गे चीनला, काही डच-इंग्रज कंपन्यांच्या पेट्यांतून, काही तांबड्या समुद्रातल्या मोखाहून, आणि यातला मोठा प्रवाह येऊन पोचायचा सुरतेला. आपलं कापड, नीळ, मिरी त्यांना पाहिजे, त्यांचं आपल्याला काहीच नको, म्हणून रोख. मुघल राज्यात परदेशी नाणं बाजारात चालत नसे, सराफानं कस लावायचा, टांकसाळीत द्यायचं, वितळवायचं आणि रुपया पाडून घ्यायचा, साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वीरजी व्होरासारख्यांच्या पेढ्यांत जी चांदी होती तिच्यात पोतोसीची किती असेल? नसेलच असं मला तरी वाटत नाही. सिद्ध करता येणार नाही, वितळली की चांदीला गाव उरत नाही. तसंच आमच्या इंदूरच्या, मल्हारनगर नावाच्या टांकसाळीतल्या सूर्यछाप होळकरी रुपयाचं, काकांच्या कपाटात आहे एक, सूर्याला डोळे-नाक-मिशा, झकास. त्यात पोतोसी आहे असं म्हणायचा मोह होतो, पण अठराव्या शतकात मेक्सिको पुढे गेला होता, पोतोसी मागे पडलं होतं, तेव्हा दावा करत नाही. थोडी मिसळलेली असेल, जुन्याची नवी करत करत आलेली.

पडतीच्या काळातच पोतोसीनं सगळ्यात सुंदर गोष्टी केल्या हे मात्र खरं. सान लोरेन्झोच्या चर्चचा दरवाजा १७४४ चा, दगडात सूर्य-चंद्र आणि गिटारीसारखं वाद्य वाजवणाऱ्या जलपऱ्या, चर्चवर! कोरणारे हात स्थानिक. आणि एक चित्र आहे, टांकसाळीच्या म्युझियममध्ये, चित्रकाराचं नाव माहीत नाही. मेरी माता आहे, पण तिचा झगा म्हणजे सेरो रिको डोंगरच. चेहरा आणि दोन हात डोंगरातून बाहेर आलेले, झग्यावर पायवाटा, झाडं, लामा, चढणारी माणसं, पायथ्याशी पोप आणि सम्राट गुडघे टेकून, डोंगरावर इन्का राजा, वर दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. मोठं करून बघा स्क्रीनवर, शेकोटीवाला उआल्पाही सापडतो. डोंगर तिथल्या लोकांचा आधीपासूनचा देव, चर्चनं त्याला मेरी केलं का लोकांनी मेरीला डोंगर केलं, ज्यानं त्यानं ठरवावं. खाणीच्या आत मात्र अजून तिसराच मालक, शिंगं असलेला मातीचा तिओ, म्हणजे काका, त्याच्या तोंडात मजूर आजही सिगारेट देतात, कोकाची पानं वाहतात, दारू शिंपडतात. बाहेर मेरी, आत काका.

नवी टांकसाळ १७५९ ते १७७३ या काळात बांधली, किल्ल्यासारखी, वरच्या मजल्यावर चांदीच्या पट्ट्या लाटायचे प्रचंड लाकडी दातेरी यंत्र आणि ते फिरवणारी खेचरं खालच्या मजल्यावर गोल गोल. यंत्रं अजून आहेत. १८२५ मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला, स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार स्वतः सेरो रिकोच्या माथ्यावर चढला, झेंडे लावले, भाषण केलं. तोवर गावात माणसं काही हजारच उरली होती. मिता गेली. पुढे कथलाचे दिवस आले, १९५२ मध्ये मोठ्या खाणी सरकारच्या झाल्या, १९८५ मध्ये कथलाचा भाव कोसळला आणि हजारो मजूर सहकारी संस्था करून स्वतःच्या जबाबदारीवर परत डोंगरात शिरले, अजून शिरतात. १९८७ ला युनेस्कोच्या यादीत नाव, २०१४ ला धोक्यातल्या वारशाच्या यादीत, कारण डोंगर आतून इतका पोखरलाय की माथाच खचतोय, २०११ मध्ये वर मोठा खड्डा पडला, तो भरायचे प्रयत्न झाले, खाली खणणं चालूच. थांबवणार कोण आणि त्या लोकांना दुसरं काम देणार कोण, यावर तिथं मोर्चे निघतात.

आणि तोलेदोच्या काळात सुरू झालेले ते कारी कारीचे तलाव, सगळे नाही, पण त्यातले काही आजही पोतोसीच्या नळांना पाणी देतात. इंदूरला सिरपूर आणि बिलावलीचं काय करायचं यावर दर उन्हाळ्यात चर्चा करणाऱ्या मंडळींनी त्या बांधांचे फोटो जरूर बघावेत, दगडी काम आहे, बिनसिमेंटचं. उआंकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीवर वेगळं लिहायचंय, तिथला हिशोब याहून भयंकर आहे, पण मार्च एंड उरकला की मगच.